धुळ्याच्या सभेत न विचारलेला प्रश्न

जळगावहून धुळ्याला जायचं म्हणजे आता काय, इकडे चहा घेऊन निघालात तर तिकडे उतरेपर्यंत पुन्हा चहाची तल्लफ यावी एवढंच अंतर. मी सांगतेय ती फेरी द्विभाषिक मुंबई राज्यातली. तेव्हा आमचा जिल्हा पूर्व खानदेश, धुळ्याचा पश्चिम खानदेश, आणि मधला रस्ता असा, की एस.टी.तून उतरल्यावर माणूस आधी आपली हाडं जागेवर आहेत का ते चाचपायचा. नव्वदी ओलांडलेल्या बाईने ब्लॉग लिहावा याचं घरात सगळ्यांना हसू येतं. येऊ दे. त्या रस्त्याने अजूनही लोक जातात, तर म्हटलं, मी का आणि कशी गेले होते ते सांगून टाकावं.

मी जळगावच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचे. नवीन लग्न झालेलं, तोंडाने फटकळ, आणि वादात कुणाला ऐकायची नाही अशी ख्याती. धुळ्याच्या व्याख्यानमालेवाल्यांनी निरोप धाडला की हिवाळ्यात वादसभा ठेवली आहे आणि विषय आहे ‘बायबल कोणी लिहिलं?’ तिथल्या मिशनचे पाळक शांतवन ‘हे देवाचं वचन’ अशी बाजू मांडणार. ‘माणसांनीच लिहिलं’ असं ठणकावून सांगायला त्यांना मी हवी होते. मी विचारसुद्धा न करता हो म्हणून बसले. बायबल डोळ्यांनी पाहिलं ते त्यानंतर!

शाळेच्या ग्रंथालयात एक मराठी बायबल होतं, कोरं करकरीत, कुणी हात न लावलेलं. अनुक्रमणिका उघडली. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना. ही सगळी मोशे नावाच्या पुढाऱ्याने लिहिली असं त्यांच्यात परंपरेने मानतात. आणि पाचव्या पुस्तकाचं नाव काय, तर ‘अनुवाद’. मी खुर्चीत उडालेच. अहो, पुस्तक स्वतःच कबूल करतंय की मी भाषांतर आहे! मग मूळ कुठे आहे, कुणाचं आहे, दाखवा बरं. सभा तिथेच जिंकली असं मी धरून चालले. ते पुस्तक मधूनमधून चाळलं, टिपणं काढली, पण खरं सांगायचं तर जीव त्या एका शब्दात अडकला होता.

नवरा रेल्वेत, त्याची ड्यूटी. सून एकटी धुळ्याला कशी जाणार, म्हणून सासरे निघाले बरोबर. आमचे आबा यावलकडचे केळीवाले शेतकरी. डोक्याला पागोटं, अंगात खादीचा सदरा, आणि आवाज असा की मळ्याच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल थांबावा. निघताना त्यांनी केळीचा एक अख्खा घड बरोबर घेतला. “परक्याच्या गावाले रिकाम्या हातानं जायाचं नसते,” एवढंच म्हणाले.

त्या घडावरून जळगावच्या स्टँडवरच जुंपली. कंडक्टर म्हणे, याचं अर्धं तिकीट पडेल. आबा म्हणे, घड काय शिटावर बसणार हाये का? नुकते नवे पैसे आले होते. आबा हिशोब आण्यांत करायचे, कंडक्टर नव्या पैशांत, आणि दोघांनाही दुसरा आपल्याला फसवतोय अशी पक्की खात्री. शेवटी कंडक्टरने दोन केळी घेतली आणि “बठ्ठा जण पुढे सरका भाऊ, जागा शे!” असं ओरडत घंटी मारली. जागा कुठली असायला!

गिरणा ओलांडली आणि धूळ सुरू झाली. एरंडोलला गाडी थांबली की पद्मालयाच्या गणपतीला जाणारे लोक उतरतात. आबांनी बसल्या जागेवरूनच त्या दिशेला हात जोडले. पारोळ्याला किल्ल्याजवळ मी डबा उघडला. हिरव्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तुम्हाला खानदेशी भरीत खायचं असेल तर थंडीतच या, इतर वेळी हॉटेलात जे मिळतं त्याला आम्ही भरीत म्हणत नाही. पुढे मात्र रस्ताभर कापसाच्या गाड्या. बैल निवांत, गाडीवान त्याहून निवांत, आणि आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आलेला.

वेळ होता म्हणून मी आबांना माझं भाषण ऐकवलं. ‘अनुवाद’ या शब्दाशी आले तेव्हा आवाज नको तेवढा चढला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हनजे चोर सापडला?” ते म्हणाले.

“सापडला, आबा.”

“तो पाद्री काय करते मग?”

“काय करणार? मान खाली घालून बसेल.”

“मंग बरं हाये,” म्हणून आबांनी डोळे मिटले.

धुळ्यात उतरलो तर वेगळाच घोळ. ज्यांच्याकडे आमची उतरायची सोय होती त्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांच्या घरात गोवर निघालेला. आता पाहुण्यांना कुठे ठेवायचं? तर म्हणे, पाळकांनी स्वतःच सांगितलं की आमच्याकडे येऊ द्या. कुस्तीच्या आधी दोन्ही पैलवानांना एका ताटात जेवायला बसवावं तसा प्रकार. मला धास्ती आबांची. टांगेवाला “पाद्रीबाबानं घर? माले माहीत शे,” म्हणत धुळ्याच्या त्या सरळसोट, नंबर घातलेल्या गल्ल्यांमधून निघाला, आणि मी मनात एकच घोकत होते, आबा तिथे जेवले नाहीत तर मी तोंड कुठे लपवू?

मिशनचं आवार पांझरेच्या बाजूला, गावाबाहेर होतं. कौलारू बैठं घर, पुढे चिंच, मागे विहीर. शांतवन दारातच उभे. उंच, काळेसावळे, पन्नाशीचे, अंगावर धुवून धुवून विरलेला कोट. त्यांनी आबांच्या हातातला घड आधी घेतला आणि मग नमस्कार केला. त्यांच्या पत्नी करुणाबाई ठेंगण्या, हसऱ्या, हाताला पीठ लागलेलं. ताटं मांडली होती. शेवभाजी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी आबांकडे पाहिलं. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि भाकरी कुस्करायला घेतली.

“भांडन तुमचं देवाचं हाये,” ते तोंड भरून म्हणाले, “भाकरीशी माह्यं काही भांडन नही. वाढा अक्का.”

करुणाबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडावर धरावा लागला.

सभा दुसऱ्या दिवशी होती. जेवणानंतर शांतवनांनी मला विचारलं, “बाई, तयारी कशी काय?” आता शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण माझा स्वभाव! म्हटलं, तयारी कसली, तुमच्याच अनुक्रमणिकेत सगळं आहे. आणि ठसक्यात ‘अनुवाद’ सांगून टाकला. वाटलं, आता चेहरा उतरेल.

ते हसले नाहीत. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तुम्ही संस्कृत शिकवता ना? मीमांसेत विधी आणि अनुवाद असे दोन शब्द येतात. त्यातला अनुवाद म्हणजे काय?”

आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. कळलं हो मला. प्रश्न पुरा होण्याच्या आत कळलं. भाषांतर हा अर्थ अलीकडचा. मोशे म्हातारा झाला, वाळवंटात जन्मलेली नवी पिढी समोर होती, तिला त्याने जुने नियम पुन्हा समजावून सांगितले, म्हणून ते पुस्तक ‘अनुवाद’. वर्गात पोरांना हाच शब्द मी शिकवलेला. कानशिलं तापली. एखाद्या परदेशी माणसाने ही चूक केली असती तर क्षम्य होती, पण ती करायला मराठीची बाईच लागते.

“मग हे मला आज का सांगितलंत?” मी चिडूनच विचारलं. “उद्या सभेत सांगितलं असतंत तर लोकांनी मला हसून हसून जळगावला पाठवलं असतं.”

“हसले असते, आणि प्रश्नही तिथेच मेला असता,” ते म्हणाले. “मला तो जिवंत हवा आहे. त्याच पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचलात?”

नव्हता वाचला. त्यांनी काढून दिला. छोटासा अध्याय. मोशे डोंगरावर चढतो, ज्या देशात जायचं तो लांबून पाहतो आणि तिथेच मरतो. त्याला दरीत पुरलं जातं, लोक शोक करतात, आणि त्याची कबर कुठे आहे ते आजपर्यंत कुणालाही ठाऊक नाही, असं लिहिलंय. मी वाचून मान वर केली.

“आता विचारा मला,” शांतवन म्हणाले. “पुस्तक मोशेचं, तर मोशेने स्वतःचं मरण कसं लिहिलं? आणि ‘आजपर्यंत’ हे कुणाचं आज?”

“तुम्ही काय उत्तर देणार?”

“ते सभेत. पण विचारा. रविवारच्या उपासनेत एका म्हाताऱ्याने मला हेच विचारलं होतं. मी त्याला ठरीव उत्तर दिलं, देवाने त्याला आधीच दाखवलं असेल म्हणून. तो समाधानाने घरी गेला. मी नाही गेलो.”

माझ्या टिपणांत मी तो प्रश्न सगळ्यांत शेवटी, ठळक लिहिला. असा प्रतिपक्षी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. रागही येत होता आणि पायाही पडावंसं वाटत होतं.

संध्याकाळी विहिरीवर करुणाबाईंबरोबर भांडी घासायला बसले. त्या बराच वेळ एकच ताट घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, तुम्ही पाहुण्या, तरी एक मागते. तो मोशेच्या मरणाचा प्रश्न विचारू नका.”

मी हात थांबवला.

“मिशनच्या कमिटीचे लोक पुढच्या रांगेत असतील. त्यांनी यांना बजावलंय, असलं काही चारचौघांत बोललात तर तुमचं पाळकपण संपलं. पाळकपण गेलं की हे घरही गेलं. आणि विचारलं तर हे खोटं बोलणार नाहीत, मी ओळखते यांना.” त्यांनी हाताच्या उलट्या बाजूने कपाळावरचे केस सारले. “घराचं मी सोसेन हो. पण त्या भिंतीपलीकडे आमचं मिशनचं कबरस्तान आहे. आमचं एकुलतं लेकरू तिथे आहे, तापाने गेलं. रोज सकाळी मी तिथे जाऊन येते. हे गाव सुटलं तर त्याच्याकडे कोण जाईल?”

घरातून आबांचा आवाज येत होता, शांतवनांना केळीच्या खोडाला माती कशी लावायची ते सांगत होते. मी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणाबाई त्या भिंतीपलीकडे जाऊन आल्या तेव्हा मी त्यांना खिडकीतून पाहिलं. माझा निर्णय तिथेच झाला.

सभा वाचनालयाच्या पटांगणात, उन्हं कलल्यावर. वकील, मास्तर, सरकीचे व्यापारी, कॉलेजची पोरं, सगळं पटांगण भरलं होतं. पुढच्या रांगेत कमिटीचे चेअरमन आप्पा. पांढऱ्या मिशा, हातात काठी, चेहरा भल्या माणसाचा. त्यांच्यामागे दोन रांगा सोडून आबा, आणि बायकांच्या बाजूला करुणाबाई.

मी बोलले. सुरुवातीलाच सृष्टीची कथा दोनदा आणि दोन तऱ्हांनी येते, एकीत माणूस शेवटी घडतो, दुसरीत आधी, म्हणजे दोन हात असणार, असं मांडलं. चार जणांनी येशूचं चरित्र चार प्रकारे सांगितलंय, म्हणजे चार माणसं असणार, तेही मांडलं. बरं झालं, वाईट नाही. टाळ्या आल्या. शेवटच्या ठळक ओळीशी आले आणि कागद मिटला. “एवढंच,” म्हणून खाली बसले. करुणाबाईंकडे पाहायचा धीर झाला नाही, पण त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आल्यासारखा वाटला.

शांतवन उठले. माझ्या एकेका मुद्द्याला त्यांनी चांगली उत्तरं दिली, विनोदही केले. चार चरित्रांचं म्हणाले, “एका लग्नाचं वर्णन चार वऱ्हाडी चार तऱ्हांनी करतात, म्हणून लग्न झालंच नाही असं होत नाही.” लोक खळखळून हसले. आप्पांनीही मान डोलावली. सभा त्यांनी जिंकली होती, सरळ खाली बसायचं होतं. पण बसले नाहीत. कोटाची खालची गुंडी चाचपत उभे राहिले.

“बाईंच्या कागदावर याहून मोठा प्रश्न होता,” ते म्हणाले. “त्यांनी तो दयेपोटी विचारला नाही. तेव्हा मीच विचारतो.”

आणि मोशेचं मरण त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

“मेलेला माणूस आपली कबर लिहीत नाही. हे मोशेने लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं? मला ठाऊक नाही, त्याने आपलं नाव ठेवलं नाही. पण मंडळी, एक गोष्ट बघा. एवढा मोठा पुढारी. लिहिणाऱ्याने कुठलाही एक ढिगारा दाखवून ‘हीच ती कबर’ म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? तिथे जत्रा भरली असती, पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालली असती. त्याने तसं केलं नाही. त्याने लिहिलं, कुणाला ठाऊक नाही. ज्या हाताला एवढं खरं लिहिता येतं त्या हातामागे देव आहे, अशी माझी श्रद्धा आहे. तो हात माणसाचा होता म्हणून माझी श्रद्धा कमी होत नाही. मी आजवर तुम्हाला याहून सोपं काहीतरी सांगत आलो, ते मात्र आज मागे घेतो.”

बसले. कुणालाच टाळ्या वाजवायचं सुचेना. तेवढ्यात मागून आबांचा मळ्यातला आवाज आला, “गडी खरा बोलला!” मग मात्र पटांगण दणाणलं. मला रडू फुटलं, भर सभेत, आणि मी ते पुसलंही नाही. आप्पा काठी टेकत उठले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. “मी गप्प बसले होते ना? मग तुम्हाला काय गरज होती?”

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या गप्प बसण्याच्या जिवावर मला या घरात राहता आलं नसतं.”

करुणाबाईंनी चूल पेटवली, जेवायला वाढलं, पण त्या रात्री जेवताना कुणी हसलं नाही.

सकाळी आप्पा आले. मी त्यांना खलनायक ठरवून तयारच होते, आणि तो माणूस ओसरीवर बसून डोळे पुसायला लागला. म्हणाले, “शांतवन, कालच्यासारखं बोलणं मला सात जन्मांत जमायचं नाही. पण डोंगराकडची आपली माणसं आत्ता कुठे वाचायला शिकताहेत. एक पान सैल आहे म्हटलं तर त्यांना वाटेल सगळंच पुस्तक सुटलं. रविवारच्या उपासनेला तुला उभं करता येणार नाही मला.” शांतवन म्हणाले, “कळतं, आप्पा.” दोघांनी एका बशीतून आबांची केळी खाल्ली. आत करुणाबाई स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे खाली काढायला लागल्या होत्या.

परतीचा रस्ता तोच, धूळ तीच. जळगावला शेजारणी विचारायला आल्या, काय हो बाई, जिंकलात का? मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं हरले. तेही खरं नव्हतं, पण समजावत बसायला अंगात बळ नव्हतं.

बायबल कोणी लिहिलं यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. विद्वानांनी त्या पुस्तकांचे धागे सोडवून कुठला कुणाचा ते मांडलंय, आणि अजून भांडताहेत. मला त्या भांडणात गंमत वाटते. पण ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द ताठ मानेने उच्चारता येतात हे मला विद्वानांनी नाही शिकवलं. त्यानंतर वर्गात मला येत नसलेलं काही पोरांनी विचारलं की मी तसं सरळ सांगायचे, आणि शांतवनांचा विरलेला कोट डोळ्यांसमोर यायचा.

त्यांना एरंडोलच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. उन्हाळ्यात आबा आणि मी भेटून आलो. एक खोली, बाहेर पडवी. शांतवन मजेत होते, पोरांना भूगोल शिकवायचे. ते पाणी आणायला गेले तेव्हा मी करुणाबाईंना विचारलं, रागावलात का हो आमच्यावर? शांतवनांवर?

“तुम्ही विचारलं असतंत तर तुमच्यावर रागावले असते,” त्या म्हणाल्या. “यांच्यावर कसं रागावू? खरंच तर बोलले. पण बाई, ज्याची कबर कुणाला ठाऊक नाही त्याच्यापायी, जी मला ठाऊक आहे ती सोडून आले मी.” आणि लगेच उठून चहाचं आधण ठेवलं.

आबा पडवीत होते. त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या हंगामात आबा सरकीच्या कामाने धुळ्याला गेले आणि एक दिवस उशिराने परतले. धोतराला कुसळं, हाताच्या बोटांना चिरा. मी म्हटलं, आबा, हे काय करून आलात?

“गवत लई माजलं व्हतं तठी, त्या भिंतीपल्याड,” पाय धुता धुता ते म्हणाले. “काढलं. एरंडोलले निरोप धाड त्या अक्काले, आते जागा साफ हाये म्हना. म्या जात जाईन.”